गॅसवाल्याचं स्टेटस

धानोऱ्याच्या निर्मलाबाईंच्या फोनमध्ये 'गॅसवाला नंदुरबार' या नावाने एक नंबर होता, आणि हा गॅसवाला रोज सकाळी नवी साडी नेसायचा. कधी गुलाबाच्या कुंडीशेजारी उभा राहून फोटो काढायचा, कधी ठेपले लाटायचा, गुरुवारी दत्ताची तसबीर टाकायचा आणि वर्षातून एकदा केक कापून स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस साजरा करायचा.

खरं म्हणजे तो नंबर निर्मलाबाईंच्या धाकट्या जावेचा, रुपाबाईचा. ती नवापूरला राहायची. तिचा नवरा गोकुळ तिथल्या एका पोल्ट्रीवर सुपरवायझर होता. दोघी जावांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. आणि जिच्याशी आपण बोलत नाही तिचं नाव आपल्या फोनमध्ये सुनेला दिसू नये, म्हणून निर्मलाबाईंनी तिला गॅसवाला करून ठेवली होती.

भांडणाचं कारण निर्मलाबाईंच्या मुलाच्या, नवनीतच्या, लग्नातलं. सगळ्या पंगती उठल्यावर निर्मलाबाई जेवायला बसल्या. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्यांनी आख्खा गुलाबजाम तोंडात टाकला आणि नेमका त्याच क्षणाला रुपाबाईने फोटो काढला. एक डोळा मिटलेला, एक अर्धवट, गाल टम्म फुगलेला आणि हनुवटीवरून पाक ओघळतोय. फोटो स्टेटसला गेला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या जाऊबाई फुल्ल जोमात.' संध्याकाळपर्यंत नंदुरबारपासून सुरतेपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांनी तो पाहिला.

"काढ तो," निर्मलाबाई म्हणाल्या.

"चोवीस तासमा आपोआप निंघी जास, बाई," रुपाबाई हसत म्हणाली.

निर्मलाबाईंनी चोवीस तास कशीबशी कळ काढली. पंचविसाव्या तासाला तोच फोटो त्यांच्या सख्ख्या भावाने त्यांनाच पाठवला. त्याने तो आधीच स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतला होता. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्या रुपाबाईला चार माणसांत नको नको ते बोलल्या, ती फणफणत नवापूरला गेली, आणि त्यानंतर दिवाळी नाही की अक्षय्यतृतीया नाही.

बोलणं बंद झालं, पण बघणं काही बंद झालं नाही. रोज सकाळी सव्वासहाला रुपाबाईचं स्टेटस पडायचं आणि सहा सोळाला निर्मलाबाई दारापुढच्या ओट्यावर बसून ते उघडायच्या. ही साडी हिला शोभत नाही. हा रंग तर मुळीच नाही. गोकुळभाऊ किती वाळलेत, ही जेवायला घालते की नाही कोण जाणे. एवढं सगळं त्या मनातल्या मनात बोलून घ्यायच्या, मग चहा प्यायच्या, आणि दिवस बरा जायचा.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. निर्मलाबाईंची सून चेतना गावच्या शाळेत शिक्षिका. मूळची नाशिककडची, त्यामुळे अहिराणी तिला सगळी कळायची, पण बोलायची शाळेतलीच मराठी. तिने कुरडयांचा फोटो स्टेटसला टाकला आणि दुपारी फोन बघत म्हणाली, "आई, एकसष्ट जणांनी पाहिला."

"तुले काय माहीत?"

"नावं येतात ना. ही बघा. ह्यांनी सात वाजता, ह्यांनी सव्वासातला. कोणी कधी पाहिलं ते सगळं कळतं."

निर्मलाबाईंच्या हातातली कुरडई मोडली.

"म्हंजे आपन कोनतंबी स्टेटस देखं, ते समोरनाले कळस?"

"हो. नाव, वेळ, सगळं."

"हाई कवयपासून?"

"पहिल्यापासूनच."

निर्मलाबाई खाली आल्या आणि माठापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी प्यायला आलो होतो हे त्या विसरूनच गेल्या. चार वर्षं! एक दिवस चुकला नव्हता. मागच्या दिवाळीत अंगात ताप फणफणत होता, तेव्हाही गोधडीत तोंड घालून त्यांनी रुपाबाईची रांगोळी पाहिली होती. म्हणजे रोज सकाळी तिकडे नवापूरला ती बया चहा ढवळत बघत असणार, आल्या का आमच्या जाऊबाई? आल्या. सहा सोळाला आल्या. आणि हसत असणार.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. "काय वं, जीवले बरं नही का?" नवऱ्याने, भिलाआप्पांनी, विचारलं. "माले काय व्हयनं शे?" त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एवढ्यावर समाधान मानणारा माणूस होता तो.

चेतनाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर गॅसवाला उघडा पडणार. मंगळवारी सकाळी निर्मलाबाई बस थांब्यावरच्या उमाकांतच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. दुकान चार हात लांब नि तीन हात रुंद. त्यात एक जण चार्जर बघत होता, एक जण रिचार्जला आला होता, आणि वाहरूदादा नावाचे म्हातारे पंख्याखाली बसायला आले होते.

"काय काकू, काय लपाडनं शे?" निर्मलाबाईंनी अर्धं वाक्य बोलताच उमाकांत मोठ्याने म्हणाला.

"धीरे बोल ना भो. माले काही लपाडनं नही. मन्ही एक मैत्रीण शे. ती एक जनीनं स्टेटस देखस. पन तिनं देखं, हाई त्या जनीले कळाले नको."

"कोननं स्टेटस?" वाहरूदादा पुढे सरकले.

"फोन द्या," उमाकांत म्हणाला.

"मैत्रीणना फोन तिनाकडे शे."

"मंग तुमनामा करीसन दखाडस. तुमी तिले सांगा."

निर्मलाबाईंनी फोन दिला. उमाकांतने बोट फिरवलं आणि थांबला. सगळ्यात वर हिरव्या काठाची साडी नेसलेली, ओठांना लिपस्टिक लावलेली एक बाई होती आणि खाली नाव होतं गॅसवाला नंदुरबार.

"काकू, हाऊ गॅसवाला साडी नेसस?"

चार्जरवाला, रिचार्जवाला आणि वाहरूदादा तिघांनीही माना घातल्या. "आते सिलेंडरसंगे बाईबी येस का?" वाहरूदादांनी विचारलं.

"त्यान्ही बायको व्हई," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "तू तुन्हं काम कर."

उमाकांतने केलं. अर्ध्या मिनिटाचं काम निघालं. "हाई रीड रिसिप्ट म्हंतस, ती बंद करी टाकी. आते तुमी काहीबी देखा, कोनले पत्ता लागाव नही. पन तुमनं कोनी देखं, हाई तुमलेबी दखाव नही."

"माले कोठे काय टाकनं ऱ्हास?"

"आनि काकू," फोन परत देताना त्याने आवाज थोडा खाली आणला, "दोन्हीसना फोनमा एकमेकना नंबर ऱ्हास, तवयच स्टेटस दखास. त्या गॅसवालानीबी तुमना नंबर ठेयेल शे, बरं का."

घरी येताना निर्मलाबाई एवढ्याच गोष्टीचा विचार करत आल्या. रुपाने नंबर पुसलेला नाही. चार माणसांत आपण तिला काय काय बोललो होतो, तरी पुसलेला नाही. कोणत्या नावाने ठेवला असेल, हा पुढचा विचार त्यांनी मुद्दाम केला नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी रुपाबाईचं स्टेटस अकरा वेळा पाहिलं. काही विशेष नव्हतं, पोपटी साडी आणि सुप्रभात. पण आपण पाहतोय आणि तिला कळत नाही, याची गोडी वेगळीच होती. त्यांनी फोटो मोठा करून ब्लाऊजची शिवणसुद्धा तपासली.

गुरुवारी मात्र नवल झालं. सव्वासहाला दत्ताची तसबीर आली. नऊ वाजता तीच परत आली. दुपारी बाराला पुन्हा, आणि या वेळी खाली 'सुप्रभात' लिहिलेलं. ही बाई उन्हाने चळली की काय, असं निर्मलाबाईंना वाटलं. शुक्रवारी गोकुळभाऊंचा झोपेत घोरतानाचा व्हिडिओ आला, मग नुसता काळा चौकोन आणि त्यावर पांढरी अक्षरं, 'सर्व ठीक ना?' आता हा प्रश्न कोणाला? निर्मलाबाईंनी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघितलं.

शनिवारी लोणचं आलं.

आता निर्मलाबाईंचं कैरीचं लोणचं म्हणजे साऱ्या नात्यागोत्यात नावाजलेली चीज. रुपाबाई लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी तिला शेजारी बसवून ते शिकवलं होतं. मेथी किती तळायची, हिंग कधी घालायचा, तेल किती निवल्यावर ओतायचं. आणि आज ती व्हिडिओत काय करत होती? कढईतून धूर निघत होता. मेथीचे दाणे तांबडे झाले, तपकिरी झाले, काळे झाले, तरी ही झाऱ्याने ढवळतेच आहे. खाली लिहिलं होतं, 'जाऊबाईंच्या पद्धतीने.'

"वं माय! अवो, गॅस बंद कर!" निर्मलाबाई फोनवर ओरडल्या.

"बंदच आहे, आई," चेतना स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी तीन वेळा फोन लावायला बोट पुढे नेलं आणि तीन वेळा मागे घेतलं. फोन केला तर पाहिलं हे कळणार. नाही केला तर ते कोळशाचं लोणचं त्यांच्या नावाने नवापूरभर वाटलं जाणार. त्यांनी दुपारभर मोहरी निवडली. निवडलेली मोहरी परत निवडली.

रविवारी सव्वासहाला त्यांनी ओट्यावर बसून स्टेटस उघडलं, तर समोर त्या स्वतःच होत्या. नऊवारीतल्या, हातात आरतीचं ताट घेतलेल्या, चांगल्या प्रसन्न. कुठल्या तरी जुन्या पूजेतला फोटो. खाली लिहिलं होतं, 'आमच्या मोठ्या जाऊबाईंची तब्येत लवकर सुधारो. सर्वांनी प्रार्थना करा.' पुढे जोडलेले हात आणि एक पेटता दिवा.

निर्मलाबाईंनी आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. मग नाडी बघितली. मग विचार केला की आपल्याला काही झालंय आणि घरच्यांनी आपल्यापासून लपवून ठेवलंय की काय.

आठ वाजता वाहरूदादा शहाळं घेऊन आले. निर्मलाबाई दोरीवर धुणं वाळत घालत होत्या. वाहरूदादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मन्हा नातू दखाडी ऱ्हायना व्हता, तुमी सिरीयस शेतस," ते म्हणाले. "शहाळं इकत लयी उनू ना मी." शहाळं परत न्यावं की ठेवावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तिथेच बसून ते स्वतः प्यायलं.

मग समोरच्या घरातल्या दोघी आल्या. मग भजनी मंडळ आलं. सगळ्यांनी रुपाबाईचं स्टेटस पाहिलं होतं, आणि सगळ्यांना निर्मलाबाई चालता-बोलता सापडल्यामुळे जरासं फसवल्यासारखं वाटत होतं. साडेनऊला सुरतेहून नवनीतचा फोन आला. तो तिथे कापडाच्या कारखान्यात होता, महिन्यातून दोनदा यायचा.

"आई, खरं सांग. पाच दिवस झाले, तू मन्हा एक मेसेज वाचेल नही. निळी खूनच नही."

"वाचात ना भो. सगळा वाचात."

"मंग खून कथी गयी?"

निळी खूण कुठे गेली याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं, पण ओट्यावर भजनी मंडळ बसलेलं होतं. "खूनले बरं नही," त्या म्हणाल्या. नवनीतला वाटलं, आईची वाचा भ्रमिष्ट झाली. "मी निंघनू," म्हणून त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात भिलाआप्पा शेतावरून आले. त्यांना वाटेत सात जणांनी गाठून धीर दिला होता. ते अंगणात उभे राहिले आणि धुण्याची बादली उचलणाऱ्या बायकोकडे बघत म्हणाले, "तू आजारी शे का?"

"तुमले दखास नही का मी काय करी ऱ्हायनी ती?"

"दखास," भिलाआप्पा म्हणाले. "तरीबी इचारं."

अकराच्या सुमाराला दारात पोल्ट्रीचा पिकअप येऊन थांबला. गोकुळ गाडी चालवत होता. शेजारी रुपाबाई, मांडीवर अंड्यांचे दोन ट्रे. गाडी थांबायच्या आत ती रडत खाली उतरली आणि अंडी तशीच हातात धरून "बाई! बाई वं!" करत घरात शिरली. निर्मलाबाई गॅसपुढे उभ्या राहून भाकरी थापत होत्या. ओट्यावरच्या एवढ्या माणसांना काही तरी खायला घालायला हवं होतं.

रुपाबाई उंबऱ्यातच थांबली. "तुमी उभ्या शेतस?"

"मंग काय, आडी पडू?"

चार वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं.

"पाच दिन," रुपाबाईचा आवाज कापत होता. "पाच दिन तुमनं नाव उनं नही. चार वरीसमा एक दिन चुकना नही. दिवाळीमा तुमले ताप व्हता, चेतनानी टाकेल व्हतं, तवयबी सकायमा तुमनं नाव व्हतं. मी दत्त तीन डाव टाका. ह्यास्ना घोरना टाका. इचारं, सर्व ठीक ना. काहीच नही! मी ह्यास्ले सांगं, भाऊले फोन लावा. भाऊ बोलनात, बरी शे ती. भिलाभाऊसनं काय घेतस, त्यास्ले म्हैस व्यायनी तरी दोन दिनमा कळस."

"तसं एकच डाव व्हयनं व्हतं," भिलाआप्पा अंगणातून म्हणाले.

ही बया रोज सकाळी हसत नव्हती तर. आपलं नाव शोधत होती. पण ओट्यावर माणसं होती, चेतना बघत होती, आणि चार वर्षांचा ताठा काही एका मिनिटात मोडत नाही. त्यांनी भाकरी उलटली.

"मी आते कोननं काही देखस नही," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "सोडी दिधं ते सगळं. कोनले टाईम शे?"

रुपाबाईचा चेहरा उतरला. तिने अंडी खाली ठेवली. "म्हंजे लोनचंबी देखं नही?"

"कोनतं लोनचं?"

"मी टाकं व्हतं. तुमनी पद्धतनं."

"मन्ही पद्धत?" निर्मलाबाई गर्रकन वळल्या. "मेथीना कोळसा करी टाका आनि मन्ही पद्धत सांगस? धूर माळापर्यंत जाई ऱ्हायना व्हता! झारा उलटा धरेल व्हता! आनि हिंग कोठे व्हता वं, हिंग?"

तव्यावरची भाकरी जळायला लागली, ती कोणी काढली नाही.

"आई?" चेतना म्हणाली.

रुपाबाईने पदराने डोळे पुसले. "मेथी मी जानीसन जाळी," ती सावकाश म्हणाली. "मन्हा मनमा, बाई जित्या व्हतीन ते हाई देखीसन फोन करतीनच."

"जानीसन? इतल्या कैऱ्या वाया घाल्यात?"

"वाया कोठे? ह्यास्ले खावाडी ऱ्हायनी ना."

दारात उभ्या गोकुळने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरून लोणच्याची चव कळत होती.

मग निर्मलाबाईंना सगळं सांगावंच लागलं. उमाकांत, रिसिप्ट, अकरा वेळा पाहिलेली पोपटी साडी. रुपाबाई ऐकता ऐकता आधी रागावली, मग हसायला लागली, मग हसत हसत खालीच बसली. चेतनाने सासूचा फोन हातात घेतला होता. "म्हणजे हा गॅसवाला म्हणजे काकू?" ती म्हणाली. "अहो आई, मी दोन वर्षं झोपले नाही नीट! रोज पहाटे तुम्ही गॅसवाल्याचं स्टेटस बघता, मी नवनीतलासुद्धा बोलले नाही!"

"गॅसवाला?" रुपाबाई उठून उभी राहिली. "माले गॅसवाला करी टाकं?"

"तू मन्हं काय नाव ठेयेल शे, दखाड."

रुपाबाईने फोन पदराखाली घेतला. चेतनाने तो हळूच काढून घेतला आणि त्यात सासूचा नंबर शोधून पाहिला. नाव होतं, 'उचलू नको.'

मग रुपाबाईच आधी बोलली. "लगीनमातला तो फोटो, बाई. तुमले इचारीसन टाकाले पायजे व्हता. मी चुकनी. मी तो दुसरा दिनलेच पुशी टाका व्हता, पन तवयलोंग तुमना भाऊनी..."

"त्यान्हं नाव काढू नको," निर्मलाबाई म्हणाल्या. "त्यान्हाकडे मी देखस. बठ. भाकर खाय."

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण भाकरीचा पहिला तुकडा मोडतात न मोडतात तोच चेतना खिडकीतून म्हणाली, "आई, जीप आली. शहाद्याची फुई!"

फुई म्हणजे भिलाआप्पांची आत्या. वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी, जिभेने तेज. भाड्याची जीप करून, सोबत सात माणसं, दोन डझन केळी आणि अंगाऱ्याची पुडी घेऊन ती आली होती. एवढ्या उन्हात एवढ्या लांबून आलेल्या म्हातारीला 'मला काही झालेलंच नाही' हे सांगायचं कोणी?

"झोपा," रुपाबाई म्हणाली.

"काय?"

"झोपा, बाई. ती माले मारी टाकी."

निर्मलाबाई मधल्या खोलीत खाटेवर आडव्या झाल्या. रुपाबाईने गोधडी गळ्यापर्यंत ओढली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि पायथ्याशी बसून पाय चेपायला घेतले. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. फुई काठी टेकत आत आली.

"काय व्हयनं वं हिले?"

"फुई, काय सांगू," रुपाबाईने डोळ्याला पदर लावला. "डॉक्टर बोलना, रिसिप्ट बंद पडी गयी."

"काय बंद पडी गयी?"

"रिसिप्ट! रिसिप्ट!"

"अरे देवा," फुई खाटेवर टेकली. "मन्ही धाकली जाऊलेबी तेच व्हयनं व्हतं. तिनी ते दोन्ही बाजूनी बंद पडी गयी व्हती."

गोधडीखालून कसला तरी आवाज आला. रुपाबाईने पाय जोरात दाबले, पण त्याने उलटंच झालं. निर्मलाबाईंनी गोधडी दातांत धरली. खाट हलायला लागली, फडकं कपाळावरून घसरलं, आणि आख्खी गोधडी वरखाली होऊ लागली. रुपाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचेही खांदे हलत होते.

"थंडी भरनी हिले!" फुई ओरडली. "आनि ही बिचारी रडी ऱ्हायनी देखा. अशी जाऊ भेटाले नशीब लागस. भिला, दुसरी गोधडी लय!"

भिलाआप्पांनी आणली. त्यांनी ती बायकोच्या अंगावर नीट पसरली आणि वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "म्हंजे तू खरंच आजारी शे का?"

फुईने अंगाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर निर्मलाबाईंच्या कपाळाला लावला, चिमूटभर तोंडात घातला आणि जीपवाल्याला निरोप पाठवला की तू जा. हिची थंडी उतरेपर्यंत ती कुठे जाणार नव्हती. आठ दिवस लागले तरी चालतील, ती म्हणाली, आणि चेतनाला चहात आलं जास्त टाकायला सांगून खाटेच्या उशाशी मांडी घालून बसली.